अपघात होईपर्यंत सगळी आपलीच माणसं

कारखानदार नावाच्या प्राण्याला दोन तोंडं असतात. एक अपघाताच्या आधीचं आणि दुसरं अपघातानंतरचं. पहिल्या तोंडानं तो म्हणतो, "आमच्याकडे मालक-नोकर असला प्रकारच नाही हो, आम्ही सगळे एका कुटुंबातले." दुसऱ्या तोंडानं म्हणतो, "कोण हा? मी याला ओळखत नाही." या दोन तोंडांमधल्या फटीत मी गेली अनेक वर्षं पोट भरतो आहे, आणि खोटं कशाला बोलू, मजेत भरतो आहे. माझा धंदा विम्याचा.

विमा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे येतो तो तुमच्या मरणाची प्रेमानं चौकशी करणारा गृहस्थ. तो मी नव्हे. आयुष्याच्या विम्याचा धंदा सरकारनं ताब्यात घेतला. आगीचे आणि अपघाताचे आम्ही लोक तेवढे मागे राहिलो. त्यातही मी विकतो ती चीज सहसा कुणाला कळत नाही. तिला म्हणतात जबाबदारीचा विमा. तुमची वखार जळाली तर भरपाई मिळावी हे कुणालाही समजतं. पण तुमच्या धंद्यापायी दुसऱ्याचा हात गेला, पाय मोडला, आणि कायद्यानं तुम्हाला म्हटलं, "भरून दे," तर ते भरून देणं आम्ही अंगावर घेतो. म्हणजे दुखणं तिसऱ्याचं, दोष तुमचा आणि भुर्दंड आमचा! इतकी सोयीची वस्तू जगात दुसरी नसेल. तरी पिंपरी-चिंचवडचे मालक तिच्यासाठी मेथीच्या जुडीसारखी घासाघीस करतात.

आणि मग सगळे एकच विचारतात, "यात कोण कोण येतं?"

उत्तर अगदी साधं आहे. मालक येतो, भागीदार येतो, मॅनेजर येतो आणि मालकाच्या सांगण्यावरून मालकाचं काम करणारा प्रत्येक माणूस येतो. कामगारांच्या पॉलिसीत तर कामगारांची नावंही नसतात. वर्षभरात मजुरी किती वाटणार ते मालक सांगतो, त्यावर हप्ता ठरतो. ती मजुरी रामा नेतो की गोविंदा, याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. अपघात झाला की माझा सवाल एकच असतो : त्याला तिथं उभा कोणी केला? मालकानं किंवा मालकाच्या माणसानं केला असेल तर तो पॉलिसीत आला. आणि जो आपल्या आपण आला, गिऱ्हाईक म्हणून, पाहुणा म्हणून, वाट चुकून, तो परका. परक्यांसाठी वेगळी पॉलिसी असते, तिचा हप्ता वेगळा. संपलं! चौथीतल्या मुलाला हे कळेल. कारखानदाराला कळत नाही, कारण कळून न घेण्यात त्याचा फायदा असतो.

पिंपरीला एक सोडावॉटरवाले होते. बाटल्या फुटून काचा उडायच्या, म्हणून मला बोलावलं होतं. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "आमच्या सासूबाई रोज कारखान्यात येतात. त्या येतात का यात?"

"कशासाठी येतात?"

"लक्ष ठेवायला."

"तुमच्या सांगण्यावरून?"

"माझ्या सांगण्यावरून ती बाई काय करते हो?"

"मग नाही येत."

"म्हणजे एखादी बाटली फुटून त्यांना काही झालं, तर कंपनी काहीही देणार नाही?"

"छदामसुद्धा नाही."

गृहस्थांचा चेहरा असा उजळला की त्यांनी त्याच बैठकीत सही केली.

चाकणच्या बाजारातले एक कांद्याचे व्यापारी याहून पोहोचलेले. सकाळी त्यांनी एका हमालाच्या पाठीवर थाप मारून मला सांगितलं होतं, "हा माझा उजवा हात." दुपारी त्याच हमालाच्या पाठीवरून गोणी घसरली आणि एका गिऱ्हाइकाच्या पायावर पडली. तेव्हा शेठ म्हणाले, "हमाल बाजाराचा असतो, माझा नाही."

मी म्हटलं, "शेठ, सकाळी तर उजवा हात होता."

"सकाळची गोष्ट वेगळी असती, राव," ते म्हणाले आणि शांतपणे कांदा निवडायला लागले.

पण हे सगळे किरकोळ नट. या रंगभूमीवरचे खरे नटसम्राट म्हणजे आमचे अप्पासाहेब. त्यांचं पूर्ण नाव सांगत नाही. सांगितलं तर ते या अंकातली आपली जाहिरात काढून घेतील आणि संपादक माझ्या मानधनातून ती वसूल करतील.

चिंचवड स्टेशनच्या पलीकडे, मुंबई रस्त्याला लागून अप्पासाहेबांची पत्र्याची शेड होती. तिथं कंदिलाचे आणि स्टोव्हचे सुटे भाग निघत. मी पॉलिसी विकायला गेलो तो दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला. यंत्रांना हार घातलेले, कामगार रांगेत बसलेले आणि अप्पासाहेब खुर्चीवर उभे राहून भाषण करत होते. "हा कारखाना नाही, हे घर आहे! मी मालक नाही, मी वडील आहे!" असं म्हणताना त्यांचा गळा दाटून आला. वडिलांनी नंतर मुलांना पेढ्याचा अर्धा अर्धा तुकडा वाटला.

कामगारांची पॉलिसी त्यांनी घेतली, कारण एका मोठ्या गिऱ्हाइकानं तशी अट घातली होती. परक्यांची पॉलिसी मात्र साफ नाकारली. "माझ्या कारखान्यात परका माणूस पाऊलच टाकू शकत नाही," ते म्हणाले. "दारावर गुरखा आहे. आत आहे तो प्रत्येक माणूस माझा."

हे वाक्य मी नीट ऐकून ठेवलं.

त्या शेडमध्ये एक प्रेस होती. प्रेस म्हणजे पत्र्याचे तुकडे पाडणारं यंत्र. खाली साचा, वर लोखंडाचा भला मोठा ठोकळा. पायाखालची पट्टी दाबली की ठोकळा दाणकन खाली येतो. पत्र्यात आणि बोटात तो फरक करत नाही. म्हणून पुढे जाळी लावायची असते. अप्पासाहेबांच्या प्रेसला जाळी होती, नाही असं नाही. ती भिंतीवर खिळ्याला टांगलेली होती. जाळी लावली की माल कमी निघतो, असं वडिलांचं मत होतं.

पावसाळ्याच्या तोंडाशी, पेरण्यांच्या दिवसांत, त्या प्रेसनं एका माणसाच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली.

अप्पासाहेबांनी मला तातडीनं बोलावून घेतलं. मी पोहोचलो तेव्हा ते येरझाऱ्या घालत होते. "अहो, एक चोर शिरला होता!" ते म्हणाले.

"चोर? भर दिवसा?"

"मग काय तर! प्रेसवरचा माझा माणूस धोंडिबा. धोंडिबाची दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत, मी स्वतः पाहिली. आणि ज्याला लागलं तो कुणी सोपान की कोण. मी त्याला जन्मात पाहिलेलं नाही. माझा आणि त्याचा काही संबंध नाही. तुमचा तर त्याहून नाही. खूश व्हा!"

मी प्रेसच्या मिस्त्रीला गाठलं. मिस्त्री खाली मान घालून म्हणाला, "साहेब, चोर कसला? रोज येणारा माणूस हाय तो. म्हंजी, तीन भाऊ हायेत. ज्याला सवड असंल तो येतो. प्रेस कधी बंद राहत न्हाई, म्हणून म्या बी कधी काय म्हटलं न्हाई."

"आणि मालक?"

"मालक सकाळी चक्कर मारत्यात. प्रेसवर जो असंल त्याला 'काय धोंडिबा' म्हणत्यात आणि पुढं जात्यात."

दुसऱ्या दिवशी मी निगडीला त्या भावांच्या घरी गेलो. गावाच्या कडेला घर, पुढे गोठा. थोरला धोंडिबा, मधला सोपान, धाकटा नामदेव. तिघेही बाप्ये, सगळ्यांची लग्नं झालेली. सोपान ओसरीच्या कोपऱ्यात बसला होता. हात फडक्यात गुंडाळलेला आणि तोंड भिंतीकडे.

मी धोंडिबाला विचारलं, "नोकरी तुझ्या नावावर. मग हा तिथं कसा?"

त्याला माझा प्रश्नच कळेना. "कसा म्हंजी? त्याची पाळी व्हती."

"अरे, नोकरी एका माणसाला देतात. घराला नाही."

"आसं कसं, साहेब?" तो म्हणाला. "आमची विहीर चार घरांत हाय. सोमवारची पाळी आमच्या घराची. मग मोटंवर कुणी बी गेलं तर चालतं. धोंडिबाच कुठंय, म्हणून कुणी इचारत न्हाई. पाळी घराची असती, माणसाची न्हाई. कंपनीचं बी तसंच असंल आसं आमाला वाटलं. कुणी न्हाई बी म्हटलं न्हाई."

त्यांची आई उंबऱ्यात बसून ऐकत होती. ती म्हणाली, "तीन पोरं जल्माला घातली म्या, तीन नावं ठिवली. ही मेली एकाच नावावर फिराया लागली!"

यावर नामदेव हसला. सोपान हसला नाही. भिंतीकडेच बघत तो म्हणाला, "मालक म्हणला, म्या चोर हाय. खरं का, साहेब?"

"म्हणाले तसं."

"दोन वरसं त्याचा पत्रा कापला. चोर घरचा माल बाहीर नेतो. म्या तर माझी बोटं तिथं सोडून आलो."

मी त्यांना अडचण समजावून सांगितली. मालकाच्या लेखी कामगार धोंडिबा. हात गेला सोपानचा. ज्याचं नाव आहे त्याला काही झालेलं नाही आणि ज्याला झालंय त्याचं नाव नाही. तेव्हा भरपाई मिळवायची तर सोपान हा कारखान्याचा माणूस होता, हे सिद्ध करावं लागेल.

धोंडिबानं बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग अगदी व्यवहाराचं बोलावं तसं विचारलं, "मग माझी बी तीन काढली तर भागंल का?"

त्याच्या आईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

तिथून मी सायकल हाणत सरळ चिंचवडला आलो. रागावलेला विमावाला कुणाच्या कामाचा नसतो. म्हणून मी वाटेत राग गिळला आणि अप्पासाहेबांच्या पुढ्यात अत्यंत दुःखी चेहरा करून बसलो. हा चेहरा मी आरशापुढे तयार केलेला आहे.

"काय झालं?" ते घाबरून म्हणाले.

"वाईट वाटतं, अप्पासाहेब. एवढा उभा केलेला कारखाना."

"अहो, पण झालं काय?"

"तुम्ही म्हणता तो माणूस परका. ठीक आहे. कामगार असता तर भरपाई आमच्या कंपनीनं दिली असती. पण परका तुमच्या यंत्रात सापडला, आणि यंत्राची जाळी खिळ्याला. तो आता तुमच्यावर दावा लावणार. परक्यांची पॉलिसी तुम्ही घेतली नाही, म्हणजे देणार तुम्ही. आणि कामगाराच्या भरपाईला कायद्यानं मर्यादा तरी असते. परक्याच्या दाव्याला तीही नाही." एवढं बोलून मी छताकडे पाहिलं. "पत्र्याला चांगली किंमत येईल म्हणा."

माणसाचं मन इतक्या वेगानं पालटताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. कपाळावरचा घाम पुसेपर्यंत चोराचा मुलगा झाला होता.

"परका? कोण म्हणतो परका? अहो, माझ्या मुलासारखा आहे तो! त्याच्या आजारपणात मी..." पुढे त्यांना काही आठवेना, म्हणून त्यांनी डोळे पुसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "असं करू. त्याला कोर्टात धोंडिबा म्हणूनच उभा करू. नाव जुळलं, हात जुळला. सगळ्यांचं काम झालं!"

हे मी निगडीला सांगितलं मात्र, आणि सोपाननं पहिल्यांदा भिंतीकडची मान वळवली. "न्हाई," तो म्हणाला. "दादाच्या नावानं पत्रा कापला, ते झालं. आता बोटं बी दादाच्या नावानं गेली म्हणायची? आणि दादा उद्या कुठं कामाला गेला तर कागदावर लुळा. मग त्यानं काय करायचं? म्या माझं नाव सांगणार. पैसं मिळू दे न्हाईतर ऱ्हाऊ दे. चोर न्हाई एवढं समद्यांम्होरं ठरू दे."

आता मुंबईचं ऐका. आमच्या कंपनीचे मोठे साहेब फोर्टात पंख्याखाली बसत. मी त्यांना सगळी हकिकत सांगितली आणि भरपाई देऊन टाकू म्हटलं. साहेब म्हणाले, "मजुरी धोंडिबाची मोजली होती. सोपानचा हप्ता आपण घेतलेला नाही." मी म्हटलं, "सर, हप्ता प्रेसवर उभ्या असलेल्या माणसाचा घेतला होता. तो माणूस हाच." साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या टेबलावर मोट आणून रिकामी केली होती. "कोर्टात ठरेल," ते म्हणाले. प्रेस म्हणजे काय असतं हे त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. पण बोटं कुणाची, हे मात्र ते फोर्टात बसून ठरवत होते!

कामगारांच्या भरपाईचे दावे ज्यांच्यापुढे चालत त्या न्यायाधीशांपुढे, पुण्याला, तारीख पडली. तिघे भाऊ धुतलेले कपडे घालून आले होते आणि एका रांगेत उभे होते. सोपाननं आपला हात उपरण्याखाली घेतला होता. आमच्या कंपनीचे वकील कोट झटकून उठले आणि त्यांनी इंग्रजीत अर्धा तास सिद्ध केलं, की सोपान नावाचा माणूस या कारखान्यापुरता अस्तित्वातच नाही. युक्तिवाद सुरेख होता. मलाच क्षणभर सोपान दिसेनासा झाला.

मग अप्पासाहेब साक्षीला उभे राहिले. त्यांच्या स्वतःच्या वकिलानं त्यांच्याकडून चार दिवस घोकून घेतलं होतं, सोपान, सोपान, सोपान. अप्पासाहेबांनी पिंजऱ्याचा कठडा धरला आणि खंडेनवमीचा आवाज काढला.

न्यायाधीशांनी विचारलं, "हा जखमी माणूस तुमच्याकडे कामाला होता?"

"कामाला? मुलगाच तो माझा!"

"तुम्ही त्याला प्रेसवर काम करताना पाहिलं आहे?"

"दोन वर्षं! रोज सकाळी! रोज त्याची विचारपूस करतो मी."

"काय म्हणून विचारपूस करता?"

"म्हणतो, काय धोंडिबा, बरं आहे ना?"

मागून खरा धोंडिबा भाबडेपणानं म्हणाला, "म्या हाय धोंडिबा, साहेब."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. "हा धोंडिबा. मग ज्याचा हात गेला तो कोण?"

अप्पासाहेबांनी आपल्या वकिलाकडे पाहिलं. वकील छताकडे पाहत होते. चार दिवसांचं घोकलेलं वाऱ्यावर उडालं आणि दोन वर्षांची सवय तेवढी उरली. "तोही धोंडिबाच," ते म्हणाले.

"आणि तो तिसरा?"

अप्पासाहेबांनी डोळे बारीक करून नामदेवकडे पाहिलं. "साहेब, खरं सांगू का? प्रेसवर जो उभा असेल त्याला आम्ही धोंडिबाच म्हणतो."

"म्हणजे त्या प्रेसवर जो उभा राहील तो तुमचा माणूस?"

"माझाच! सगळे माझेच!" अप्पासाहेब छाती फुगवून म्हणाले.

आमच्या वकिलांनी हळूच कपाळाला हात लावला. न्यायाधीशांनी पेन उचललं. जे मला साऱ्या जन्मात ग्राहकांच्या गळी उतरवता आलं नाही, ते अप्पासाहेबांनी, त्यातलं काही न कळता, एका वाक्यात सांगून टाकलं होतं.

न्यायाधीश सोपानकडे वळले. "तुझं नाव सांग."

"सोपान सखाराम, राहणार निगडी!" त्यानं रानातून हाक मारावी तसं सांगितलं.

"हळू बोल," कारकून खेकसला.

"बोलू द्या," न्यायाधीश म्हणाले.

निकाल सोपानच्या बाजूनं लागला, सोपानच्या नावानं. मोठ्या साहेबांनी महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं. ते दिवस कंपनीतले माझे सर्वांत सुखाचे. जाळी लावल्याशिवाय पॉलिसीचं नूतनीकरण करणार नाही, असं मी अप्पासाहेबांना बजावलं, तेव्हा ती खिळ्यावरून उतरली. भरपाईच्या रकमेतून सोपाननं दुभती म्हैस घेतली. तिची धार आता त्याची बायको काढते, कारण त्याला काढता येत नाही. माझ्या धंद्याला बोटाची किंमत ठरवता येते. बोट देता येत नाही. म्हणून कुणी मला "छान काम करता हो" म्हणालं, की मी विषय बदलतो.

पण निकालानंतर कोर्टाच्या आवारात जे झालं ते सांगितल्याशिवाय मला लेखणी खाली ठेवता येणार नाही. आपल्या खिशाला एक पैची तोशीस पडली नाही, हे कळल्यामुळे अप्पासाहेबांना वडीलपणाचं भरतं आलं होतं. भोवती वकील होते, पक्षकार होते, म्हणजे प्रेक्षक भरपूर. ते तरातरा चालत भावांच्या रांगेपाशी आले आणि त्यांनी शेवटच्या भावाचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. तो हात नामदेवचा होता.

"फार दुखतं का रे अजून?" त्यांनी भरल्या गळ्यानं विचारलं.

नामदेवनं मालकाच्या मुठीतल्या आपल्या पाच धडधाकट बोटांकडे पाहिलं. मग सोपानकडे पाहिलं. सोपाननं उपरण्याखालचा हात तसाच ठेवला आणि कितीतरी दिवसांनी त्याच्या ओठांचा कोपरा हलला.

"न्हाई, मालक," नामदेव अदबीनं म्हणाला. "आता पुष्कळ उतार हाय."

अप्पासाहेबांनी समाधानानं त्याचा हात थोपटला आणि ते मोटारीत जाऊन बसले.